जुनी कॅराव्हॅन घेतलीय आणि ती त्रास देतेय? गॅरेजला न्यायच्या आधी हे तपासा

आपल्याकडं आता जुन्या कॅराव्हॅन विकायला यायला लागल्यात. कुणीतरी टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर रिटायर झालेली ॲम्ब्युलन्स घेऊन आत बेड, ओटा, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर असं सगळं बसवून घेतलेलं असतं, थोडे दिवस हौसेनं फिरवलेली असते आणि मग ती बंगल्याच्या कडेला ताडपत्री टाकून उभी राहते, आणि आपण ती घेतो कारण मीटरवर किलोमीटर कमी दिसतात. पण कॅराव्हॅनच्या बाबतीत किलोमीटरवर जाऊ नका. वडापची (सीट भरून भाड्यानं पळणारी) गाडी पळून झिजते, कॅराव्हॅन उभी राहून आणि वजनानं खराब होते. त्यामुळं हिचं कुठलंही दुखणं निघालं की पहिले प्रश्न दोनच, गाडी किती दिवस उभी होती आणि आत्ता हिच्यात वजन किती आहे. मिस्त्रीनं इंजिन उतरवायची गोष्ट काढायच्या आधी ही दोन उत्तरं तुमच्याकडं पाहिजेत. मी बऱ्याच जणांच्या गाड्या बघितल्यात, हेड खोलायला निघालेली गाडी शेवटी रेडिएटरच्या झाकणावर नीट झाली असं होतं, म्हणून एवढं सगळं लिहितोय.

एक वही करा आणि ती गाडीतच ठेवा. प्रॉब्लेम आला की लिहायचं, इंजिन थंड होतं का गरम, कितव्या गिअरमध्ये, चढाला का सपाटीला, एसी चालू होता का, टाकी भरलेली होती का रिकामी. मिस्त्रीकडं जाऊन "गॅसकेट गेलंय वाटतं" असं सांगायचं नाही, ते सांगितलं की तो गॅसकेटच (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) बघणार. तुम्ही फक्त काय होतंय ते सांगा. आणि बदललेला प्रत्येक पार्ट परत मागून घ्या, लाजायचं नाही.

आधी वजनकाट्यावर न्या

हे कुणीच करत नाही आणि माझ्या मते हे सगळ्यात आधी करायला पाहिजे. आपल्या सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांमुळं वजनकाट्यांची कमी नाही, हायवेला पण प्रायव्हेट काटे आहेत, थोडे पैसे देऊन वजन करून मिळतं. गाडी जशी ट्रिपला नेणार तशी भरायची, पाणी, गॅस, भांडी, गाद्या, सगळं. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. पूर्ण वजन आरसीवरच्या ग्रॉस वजनाशी ताडून बघा, आणि पुढच्या-मागच्या एक्सलचं कंपनीच्या प्लेटवर लिहिलेलं असेल तर त्याच्याशी. पाण्याचं तर सरळ गणित आहे, 1 लिटर म्हणजे 1 किलो, 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो वाढले, आणि ती टाकी बहुतेक वेळा मागच्या एक्सलच्याही मागं बसवलेली असते, त्यामुळं मागं भार जास्त पडतो आणि पुढचं स्टिअरिंग हलकं लागतं.

गाडी हायवेला डोलते, ट्रक शेजारून गेला की ओढली जाते, मागचे टायर लवकर जातात, घाटात गरम होते, ब्रेक कमी लागतात, ह्या पाचही तक्रारींचं मूळ बऱ्याचदा वजनात निघतं. गाडी एका बाजूला झुकलेली दिसली तर आत बघा, बॅटऱ्या, ओटा, फ्रीज सगळं एकाच बाजूला घातलंय का. तसं नसेल तर खाली जाऊन पाटे (एक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बघा. पाटा सपाट झालाय का, एखादं पान मोडलंय का, सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलाय का, शॅकलचे बुश संपलेत का. सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर गाडी रस्त्यावर आणायचीच नाही.

खाली शिरताना एक गोष्ट, नुसत्या जॅकवर गाडी उचलून कधीही खाली जायचं नाही. घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावा, बाकीच्या चाकांना दगड नाहीतर लाकडी ठोकळे लावा, आणि सपाट काँक्रीटवरच करा. ही गाडी साडेतीन-चार टनाची असू शकते.

गाडी चालूच होत नाही

बरेच दिवस उभी असलेली डिझेल गाडी चालू होत नसेल तर क्रम असा. आधी बॅटरी. मल्टीमीटर घ्या, स्वस्तातला चालतो. रात्रभर उभ्या गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे अर्धीच. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून व्होल्टेज बघा, ते 9.5 च्या खाली आपटत असेल तर बॅटरी थकलीय. व्होल्टेज चांगलं राहतंय तरी सेल्फ हळू फिरतोय, तर मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला लावा आणि परत सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थिंग खराब. ती पट्टी काढून, पॉलिश पेपरनं घासून परत घट्ट बसवली की काम होतं, अशा कितीतरी गाड्यांचे चांगले सेल्फ उगाच बदलले जातात.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, किंवा चालू होऊन मिनिटभरात बंद पडतंय, तर डिझेल पोचत नाहीये नाहीतर लाईनमध्ये हवा धरलीय. उभ्या गाडीच्या टाकीत ओल जमते आणि पाणी तळाला बसतं. डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन ढिला करून एका काचेच्या बाटलीत थोडं काढून घ्या आणि जरा वेळ तसंच ठेवा, पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. पाणी निघालं तर फिल्टर बदला आणि टाकी पण साफ करून घ्या, नाहीतर आठवड्यात परत तेच. मग हातपंप मारून हवा काढा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनला हे सगळं घरी करता येतं. कॉमन रेल (नवीन पद्धतीचं, खूप प्रेशरनं डिझेल सोडणारं इंजिन) असेल तर मात्र पंपाच्या पुढच्या जाड लोखंडी पायपांना पाना लावायचा नाही, तिथं 1000 बारच्या वर प्रेशर असतं आणि तेवढ्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

दुपारी एका सेल्फला चालू होते पण महाबळेश्वरात सकाळी थंडीत दम खाते, मग पांढरा धूर टाकून पकडते, तर हीटर प्लग बघा. आणि एअर फिल्टरचा डबा उघडायला विसरू नका. आपल्याकडं ऊसतोड झाली की उंदीर शेतातनं घराकडं येतात, आणि उभ्या गाडीतला एअर फिल्टरचा डबा ही त्यांची आवडती जागा. वायरी पण तिथंच आसपास कुरतडलेल्या सापडतील.

ट्रॅव्हलरवाल्यांसाठी एक चांगली गोष्ट सांगतो. ही गाडी 1987 पासून आपल्याकडं आहे, आणि तिचं जुनं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या ओएम 616 च्या लायसन्सवर बनलेलं होतं, तेच इंजिन ट्रॅक्स जीपला पण यायचं. वडापच्या ट्रॅक्समुळं या इंजिनचे जाणकार मिस्त्री कराड, विटा, मिरज, फलटण कुठंही सापडतात. त्यामुळं जुनं इंजिन आहे म्हणून घाबरून जाऊ नका, शोरूमपेक्षा वडापवाल्याला विचारा तो कुठं काम करून घेतो.

धूर आणि ऑइल

धुराचं पटकन सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, म्हणून आधी एअर फिल्टर, मग टर्बोचे रबरी होज कुठं फाटलेत का, आणि मग नोझल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत येऊन गेला तर काही नाही, पण इंजिन गरम झाल्यावरही येतोय, गोडसर वास आहे आणि पाणी कमी होतंय तर कूलंट आत जातंय.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढून बघा. थोडी वाफ सगळ्याच जुन्या इंजिनांना येते, पण भकाभका धूर निघत असेल आणि झाकण नुसतं ठेवलं तर उडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा-पिस्टनचं काम जवळ आलंय. झाकणाच्या आतून चहाच्या रंगाचा फेस दिसला तर लगेच हेड गॅसकेट म्हणू नका, उभ्या राहिलेल्या किंवा फक्त जवळच फिरवलेल्या गाडीत ओलीमुळं पण तसं होतं. डिपस्टिक बघा. डिपस्टिकवर पण तसंच दुधाळ ऑइल असेल तर खरंच पाणी मिसळलंय. आणि ऑइलची लेव्हल आपोआप वाढत असेल, वास डिझेलचा येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, तशी गाडी पळवायची नाही, बेअरिंग जातील.

घाटात गरम होते

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सांगली-मिरज सपाट आहे, तिथं महिनाभर गाडी फिरवली तरी काटा हलत नाही, आणि मग खंबाटकी, पसरणी नाहीतर कुंभार्ली घाटात पहिल्याच चढाला काटा लाल होतो. वाईवरून पाचगणीला जाताना गाडी थोड्याच किलोमीटरमध्ये 500 मीटरपेक्षा जास्त उंची चढते, वजन पूर्ण, गिअर दुसरा, स्पीड 20, समोरून हवा नाही. कूलिंगमध्ये कुठं कच्चं आहे ते अशा चढालाच कळतं.

गरम नक्की कधी होते त्यावरून अर्धं निदान होतं. ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर पंखा. चढाला आणि स्पीडला गरम होते पण उभी असताना बरी असते, तर रेडिएटर चोक, वॉटर पंप किंवा वजन. चालू केल्यापासून पाच-सात मिनिटात काटा वर, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप) अडकलाय किंवा मग खरंच गॅसकेट.

तपासायला सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासून. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, गरम असताना अजिबात नाही, अंगावर उकळतं पाणी येतं. झाकणाची स्प्रिंग आणि रबर बघा. हे झाकण सिस्टिममध्ये प्रेशर धरून ठेवतं आणि प्रेशरमुळं पाणी 100 डिग्रीच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही, झाकणाचं रबर कडक झालं की प्रेशर निसटतं आणि त्यात वर डोंगरावर पाणी मुळातच थोडं लवकर उकळतं, म्हणून पाचगणी जवळ आली की वाफ. झाकण काही शे रुपयांत येतं, संशय असेल तर सरळ बदला.

मग रेडिएटर बाहेरून. पुढं एसीचा कंडेन्सर असेल तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा, उसाचं पाचट, माती, किडे यांचा थर सापडेल. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं आणि हळू मारायचं, वॉशिंग सेंटरच्या फुल प्रेशरनं जाळी दुमडते.

आतून चोक होण्याचं कारण आपल्या भागात जास्त करून बोअरचं पाणी आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं नाहीतर माण-खटावात बोअरचं पाणी जड, ते रेडिएटरमध्ये घातलं की क्षार आत धरतात, बादलीच्या हीटरवर पांढरा थर चढतो तसंच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात, दुसरं काही नको. रस्त्यात अडचण आली आणि ओढ्याचं पाणी घालायला लागलं तर घाला, पण घरी आल्यावर सगळं काढून फ्लश करा.

थर्मोस्टॅटवर मला थोडं जोर देऊन सांगायचंय. गाडी गरम होते म्हटलं की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, आणि जुनी गाडी घेतली की तो आत आहे का नाही हे बघायलाच लागतं. तो नसला की इंजिन सपाटीला कायम थंड राहतं, डिझेल जास्त खातं, झीज वाढते, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो तिथं तर काढल्यावर गरम पाण्यातलं काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, म्हणजे घाटात उलट जास्त गरम. जुना काढून पातेल्यात पाणी तापवून बघा, 80-85 च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवीन टाका, पण टाका.

फॅन बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबा, सेंटीमीटरभर दबला तर ठीक. व्हिस्कस पंखा असेल तर गरम इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हातानं फिरवा, अडखळत फिरला पाहिजे, झटका दिल्यावर नुसता गरगर फिरत राहिला तर संपलाय. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून पाण्याचे डाग दिसले तर पंपाचं सील गेलं. हे सगळं चांगलं निघालं तरच गॅसकेटकडं वळा. थंड इंजिन, झाकण उघडं, चालू करून बघा, पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज सकाळी पण दाबाला कडक लागला, तर इंजिनात जळालेला गॅस पाण्यात शिरतोय, म्हणजे गॅसकेट.

आणि घाटात काटा चढायला लागलाच तर एसी बंद, केबिनचा हीटर फुल चालू, एक गिअर खाली, आणि सुरक्षित जागा बघून थांबा. पाणी बाहेर पडत नसेल तर इंजिन थोडा वेळ आयडलला चालू ठेवा म्हणजे पाणी फिरत राहील. वाफ येतेय, पाणी सांडतंय, तर लगेच बंद.

ब्रेक

गरम झालेली गाडी उभी तरी करता येते. ब्रेकचं तसं नाही, त्यामुळं यात कुठंही "बघू नंतर" करू नका.

उभ्या गाडीत हँडब्रेकची केबल गंजून अडकते, लायनर ड्रमला चिकटतो, व्हील सिलिंडरचा पिस्टन जाम होतो. ओळखायचं असं, सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर ब्रेक कमीत कमी मारत चालवा आणि थांबून चारही चाकांच्या हबजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक तापलेलं लागलं तर तिथं ब्रेक धरून राहतोय नाहीतर बेअरिंग जातंय. ते चाक उचलून फिरवा, जड फिरत असेल तर ब्लीड निप्पल (ब्रेकच्या लाईनमधली हवा काढायचा छोटा नट) थोडा सैल करा. ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं तर लायनरचा दोष नाही, प्रेशर अडकून राहतंय, म्हणजे रबरी होज आतून सुजलाय किंवा मास्टर सिलिंडर. हे न बघता नुसते लायनर बदलले तर तेही जळणार. निप्पल सैल केला की हवा शिरते, त्यामुळं नंतर ब्रेक ब्लीड करूनच गाडी हलवा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट 4 चं ताजं ऑइल कमीत कमी 230 डिग्रीला उकळतं, पण ओल धरलेल्याची ती मर्यादा 155 वर येते. कास-यवतेश्वरवरून उतरताना पाय सारखा ब्रेकवर ठेवला की तेवढं तापमान गाठणं अवघड नाही, मग ऑइलला बुडबुडे सुटतात आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. म्हणून जुनी गाडी घेतली की ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, मागचा मालक काहीही म्हणू दे, आणि पुढं दर दोन वर्षांनी. उतार ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा, न्यूट्रल कधीच नाही.

पेडल दगडासारखं कडक लागतंय तर बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा डबा) तपासा. इंजिन बंद असताना चार-पाच वेळा पेडल मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर, व्हॅक्युम पंप किंवा मधला पाईप.

टायरला नक्षी भरपूर दिसते म्हणून खूश होऊ नका, बाजूला चार आकडी नंबर शोधा. 2319 असेल तर 2019 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. सहा वर्षं झाली आणि बाजूला बारीक भेगा असतील तर या वजनाला तो टायर मी तरी ठेवणार नाही.

आवाज कुठून येतोय

गिअर टाकून क्लच सोडताना खालून "टक" असा आवाज येतो तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग, क्लच दाबल्यावर बंद होतो तर गिअरबॉक्स. स्पीडबरोबर वाढणारी घरघर असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर क्लच दाबून इंजिन आयडलला येऊ द्या, तरीही घरघर तशीच राहिली तर ती चाकाच्या हबमधून किंवा मागच्या एक्सलच्या हौसिंगमधून येतेय. चढाला इंजिन ओरडतंय, गाडी पुढं जात नाही, जळका वास, म्हणजे क्लच प्लेट.

दोन बॅटऱ्या असतील तर

घराच्या बॅटरीची (आतले लाईट-फ्रीज चालवणारी, इंजिनची नव्हे) वायर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूजमधून गेली पाहिजे. नसेल तर बाकी सगळं सोडून आधी हे करा, जाड वायर पत्र्याला घासली की आग लागते आणि आत लाकूड आणि फोमच असतो. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर 13.8 ते 14.4 पर्यंत व्होल्टेज आलं पाहिजे. एका बॅटरीवर येतं आणि दुसरीवर नाही तर मधला रिले बघा. सकाळी इंजिनची बॅटरी उतरलेली सापडते म्हणजे आतला फ्रीज नाहीतर लाईट तिच्यावरच चालतायत, जोडणी चुकीची आहे.

ट्रायल कुठं घ्यायची

साताऱ्यात असाल तर आधी हायवेचा सर्व्हिस रोड, मग टाकी रिकामी ठेवून यवतेश्वर घाट, मग टाकी भरून तोच घाट. शहराला लागूनच आहे, बंद पडली तरी टोइंगचा खर्च कमी. कासला फुलांचा सीझन असताना शनिवार-रविवार नको, मधल्या वारी सकाळी लवकर जा. सांगलीवाल्यांनी थेट कोकणात निघू नये, आधी कराडपर्यंत हायवेनं येऊन चाकं, ऑइल, पाणी तपासा, मग कुंभार्लीचा विचार. कारखाने चालू असताना रात्रीची ट्रायल टाळा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं लाईट असेलच असं नाही.

आरसी पण एकदा बघून घ्या. आत बेड-किचन आणि आरसीवर अजून ॲम्ब्युलन्स नाहीतर प्रवासी गाडी असेल तर आरटीओकडून बदल नोंदवून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते येतं, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतात.

गाडीत कायम ठेवायचं सामान म्हणजे फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, वरचा-खालचा रेडिएटर होज आणि क्लिपा, 5 लिटर कूलंट, फ्यूज, मल्टीमीटर, आणि या वजनाला पुरेल असा जॅक. चाकं काढून काही काम केलं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर थांबून चाकाचे नट परत आवळा, आणि पाट्यांचं काम झालं असेल तर यू बोल्ट पण.